आईसाठी शिजवलेला गहू

एजिना, ग्रीस, १२ ऑगस्ट १८२९

मिस मर्सी हॉलकम यांस,
एल्मबरी, अमेरिका

नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी गारुफालिया, मिसोलोंगीच्या आंद्रेआस कोळ्याची विधवा. मला लिहितावाचता येत नाही. मी बोलते आहे आणि इथल्या शाळेतले अनार्गिरोस मास्तर ते इंग्रजीत उतरवत आहेत. पूर्वी ते माल्टामध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर होते, त्यामुळे त्यांचं इंग्रजी कापडाचं आणि मसाल्याचं आहे. आईच्या बोलण्याला ते किती पुरेल, देव जाणे. (हे वाक्यही लिहा म्हणाल्या, म्हणून लिहिलं. – अ.)

कामाचं आधी सांगते. तुमच्या घरी स्टाथिस नावाचा मुलगा आहे. त्याच्या उजव्या भुवईत एक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. लहानपणी त्याने फळीवरची माशांची टोपली स्वतःवर ओढून घेतली होती. तो माझा मुलगा आहे आणि मी मेलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी आमचं गाव वर्षभर सुलतानाच्या फौजेच्या वेढ्यात होतं. उंदीरसुद्धा खाऊन संपले तेव्हा सगळे तटाबाहेर पडलो. स्टाथिसचा हात माझ्या हातात होता. मी खंदकात पडले आणि माझ्या अंगावर माणसं पडली. त्याने ते पाहिलं असणार. मला शुद्ध आली तेव्हा मी सुलतानाच्या मदतीला आलेल्या इजिप्तच्या फौजेच्या ताब्यात होते. अलेक्झांड्रियाच्या बाजारात विकलं, तिथून कैरोला एका सरकारी कारकुनाच्या घरी. या वसंतात, सोडवून आणलेल्या बायकांच्या जहाजातून परत आले. तिथलं बाकी आज सांगत नाही.

इथे पोरक्या मुलांसाठी मोठं अनाथालय झालं आहे. मी मुलांच्या रांगेतून पुन्हापुन्हा फिरले, इतकी की मुलं हसायला लागली. मग आमच्याच गावची एक म्हातारी तिथल्या स्वयंपाकघरात भेटली. धान्य घेऊन आलेल्या अमेरिकन जहाजावरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी काही पोरकी मुलं सोबत नेली, त्यात स्टाथिस होता असं तिने सांगितलं. तुमचा पत्ता मास्तरांनी मिळवला.

तुम्ही माझ्या पोराला जेवूखाऊ घातलंत. याची फेड माझ्याच्याने होणार नाही. तुमच्याकडच्या बायकांनी पाठवलेले झगेही इथे अजून अंगांवर दिसतात. कंबरेला मात्र इतके आवळ होते की उपाशी असूनही आमच्यातली एक बाई त्यात शिरेना. शेवटी उसवून दोघींच्या झग्यांचा एक केला. तुम्ही तिकडे काही खात नाही का?

आता एवढंच करा. स्टाथिसला सांगा की आई जिवंत आहे, आणि मिळेल त्या जहाजाने त्याला पाठवून द्या.

तुमची ऋणी,
गारुफालिया


एल्मबरी, मॅसॅच्युसेट्स
२४ नोव्हेंबर १८२९

प्रिय गारुफालियाबाई,

तुमचं पत्र परवा मिळालं. मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलेलं मला कळलं नाही. तुम्ही जिवंत आहात याचा मला आनंद झाला. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं आहे, कारण आनंद हा शब्द फार लहान आहे.

स्टाथिस चांगला आहे. उंची भराभर वाढते आहे, बाह्या दर हंगामाला सोडाव्या लागतात. घोड्यांची त्याला भीती नाही, गायीची मात्र आहे. शाळेत गणितात पहिला येतो आणि हस्ताक्षरात शेवटून. आमच्या घरात तीनच माणसं. मी, माझे वडील आणि तो. मी लग्न केलं नाही. तो मला मावशी म्हणतो.

माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. आमचा देश इंग्लंडच्या राजाशी लढला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. इंग्रजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या खाडीतल्या कैदी-जहाजात कोंडलं होतं. तिथून जिवंत आलेले थोडे. तुमच्या देशाच्या लढ्याची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा वडील मोठ्याने वाचायचे आणि मध्येच थांबायचे. म्हणायचे, आम्ही संपत आलो होतो तेव्हा फ्रान्सची जहाजं आली, मग यांच्याकडे कोणी जायचं? गावात वर्गणी निघाली ती त्यांच्यामुळे. कपड्यांचं काम आम्हा बायकांच्या मंडळाने केलं आणि ते झगे मीच बेतले. माझ्या मापाने बेतले, हा मूर्खपणा आता कळतो.

चार जुलैला, आमच्या स्वातंत्र्याच्या दिवशी, स्टाथिस पांढरा घोळदार झगा आणि लाल टोपी घालून जुन्या सैनिकांच्या रांगेत माझ्या वडिलांशेजारी उभा राहतो. दोघांना पाहून गावातल्या लोकांचे डोळे भरून येतात.

पाठवण्याबद्दल म्हणाल, तर आता हिवाळा लागला. या दिवसांत समुद्र लहान मुलासाठी नाही. वसंतात पाहू. तोवर त्याचं शाळेचं वर्षही पुरं होईल. तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे.

तुमची स्नेहांकित,
मर्सी हॉलकम


एजिना, ४ फेब्रुवारी १८३०

मर्सीबाई,

पत्र मिळालं. मास्तरांकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की ते आता मला पाहिलं की शाळेच्या मागच्या दाराने निघून जातात. (हे खरं नाही. – अ.) (खरं आहे, लिहा.)

गायीला घाबरतो म्हणालात. त्याचा बापही घाबरायचा. वादळात होडी हाकणारा माणूस, पण वाटेत गाय दिसली की मला पुढे घालायचा. हे ऐकून मी हसले आणि मग मला रडू आलं. हे त्याला सांगा.

पण तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही. आई जिवंत आहे म्हटल्यावर तो काय म्हणाला? रडला का? मला वाटतं तो रडला नसेल, लहानपणापासून तो रडू दाबून धरतो आणि मग त्याला उचकी लागते. उचकी लागली का? मी जहाजाची वाट पाहते आहेच, पण आधी ते एक वाक्य पाठवा. त्या एका वाक्यावर मी महिनाभर राहीन.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. कैदेतून सुटलेल्या माणसाला पहिले काही दिवस दार उघडं दिसलं तरी त्यातून जाववत नाही, हे त्यांना ठाऊक असेल. मला अजून कधीकधी तसं होतं.

मी सध्या अनाथालयात कपडे धुते. दोन वेळचं मिळतं. निजायला जागा आहे, तिच्यात दोघं मावतील.

समुद्र आता निवळायला लागेल.

गारुफालिया


एल्मबरी, ३ मे १८३०

प्रिय गारुफालियाबाई,

तुम्ही विचारता, तो काय म्हणाला. तो फार बोलणाऱ्यांतला नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अशा गोष्टी त्याच्या आतच राहतात. त्याच्यावर ताण येऊ नये म्हणून मीही फार विचारत नाही.

पण तो तुम्हाला विसरलेला नाही, याची खात्री बाळगा. खूण म्हणून एक गोष्ट सांगते. दर फेब्रुवारीत एका शनिवारी तो तुमच्यासाठी गहू शिजवतो. इथे आला त्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने माझ्याकडे गहू मागितला. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, "आईसाठी." तेव्हा त्याला इंग्रजीचे मोजकेच शब्द येत होते, आणि चेहरा असा होता की मी पुढे विचारलं नाही. आजीला करताना पाहिलं होतं म्हणे. गहू मऊ शिजवायचा, कापडावर पसरून कोरडा करायचा, बेदाणे, अक्रोड आणि दालचिनी घालायची, वर साखरेचा थर थापून बदामांनी क्रूस काढायचा. आमच्या पाद्रींना असली नक्षी रुचत नाही, म्हणून मागचं दार लावून घेतो. मग तो वाटीवाटीने शेजारी देऊन येतो. यंदा साखर मी थापली. त्याचा हात पोचत होता, पण मलाच वाटलं की यंदा आपला हात लागावा. तीन वर्षांत एकदाही त्याने हा दिवस चुकवलेला नाही.

आता दुसरं लिहिते, ते शांतपणे वाचा. गावातल्या समितीची इच्छा आहे की स्टाथिसला पुढे कॉलेजात घालावं. खर्च समिती उचलेल. सात-आठ वर्षांत तो शिकून तयार होईल. तुमच्या नव्या देशाला शिक्षक हवेत, डॉक्टर हवेत, कायदा जाणणारे हवेत. आज तो परत आला तर फार तर कोळी होईल. तेव्हा आला तर हजारोंच्या उपयोगी पडेल. तुम्ही इतकं सोसलंत, त्याच्या भल्यासाठी थोडं आणखी सोसाल असा मला विश्वास वाटतो.

तुमच्यासाठी लोकरीची शाल पाठवते आहे. ती कोणालाही बसते.

मर्सी


एजिना, ३० जुलै १८३०

मर्सीबाई,

शाल मिळाली. अजून घेतलेली नाही.

मास्तर पत्र वाचत होते. गव्हाचं आलं आणि ते थांबले. पुढचं वाचा म्हटलं तर चष्मा पुसायला लागले.

तो गहू मेलेल्या माणसासाठी असतो. आमच्यात जिवंत माणसासाठी तो कोणी शिजवत नाही, पोरं खेळातसुद्धा शिजवत नाहीत. ईस्टरपूर्वीचा मोठा उपास लागण्याआधी एक शनिवार येतो, तेव्हा बायका तो चर्चमध्ये नेतात, पाद्री मेलेल्यांची नावं वाचतो आणि खाणारा प्रत्येक जण म्हणतो, देव त्याला क्षमा करो. माझा मुलगा वाटीवाटीने तुमच्या शेजाऱ्यांना माझं मरण वाटून येतो. पहिली दोन वर्षं त्याने केलं ते बरोबर केलं. शहाणं पोर आहे माझं.

पण माझं पत्र तुम्हाला नोव्हेंबरात मिळालं, तुम्हीच तसं लिहिलंत. त्यानंतर फेब्रुवारी आला. त्याने माझ्या आत्म्यासाठी गहू शिजवला आणि तुम्ही त्यावर साखर थापलीत.

म्हणजे तुम्ही त्याला सांगितलेलंच नाही.

तुम्हाला शिव्या द्यायच्या होत्या आणि मला त्या भरपूर येतात, आमची वस्ती कोळ्यांची. मास्तर म्हणाले, इंग्रजीत त्यांना शब्द नाहीत. मग मी ठरवलं की शिव्या नकोत, कैरोचं सांगते. पहिल्या पत्रात सांगितलं नव्हतं.

त्या कारकुनाची बायको वाईट नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं. मला ताप आला तेव्हा ती माझ्या उशाशी बसली. मला तिने कशिदा शिकवला, आपल्या ताटातलं खायला दिलं, माणसांसमोर मला मुलगी म्हणायची. मग शहरात बातमी आली की मिसोलोंगीच्या बायकांना सोडवून न्यायला माणसं आली आहेत, नावं विचारत फिरतात. तिने मला कळू दिलं नाही. शेजारच्या घरातल्या मोलकरणीकडून मला कळलं तेव्हा पहिलं जहाज गेलेलं होतं. मी विचारलं तर ती रडायला लागली. म्हणाली, तिकडे तुझं काय उरलंय, जळकी घरं आणि उपास. इथे तुझं भलं आहे. मी तुझ्या भल्यासाठीच बोलले नाही.

तिचं माझ्यावर प्रेम होतं, मर्सीबाई. आणि दाराची किल्ली तिच्याकडे होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

गेल्या महिन्यात तुमच्या देशाचं एक जहाज इथे थांबलं होतं. त्यावर एक काळा खलाशी होता. मास्तरांनी त्याला तुमच्या गावाबद्दल विचारलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी कैरोला विकले गेले होते हे कळल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. मास्तरांकरवी त्याने सांगितलं, त्याच्या आईला तुमच्याच देशात विकलं, तो लहान असताना, आणि पुन्हा त्याने तिला पाहिलं नाही. त्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला, पण आम्ही बराच वेळ बसलो होतो. तेव्हा या गोष्टी तुम्हाला अगदीच ठाऊक नाहीत असं मला वाटत नाही.

तुम्ही लिहिता, माझ्या देशाला शिकलेली माणसं हवीत. असतील. देशाचं देश पाहील. तुमच्या देशाने राजाशी भांडण केलं तेव्हा तुमचीही घरं जळली असतील. तेव्हा कोणी येऊन तुमची पोरं नेली का, की आम्ही यांना जास्त चांगलं वाढवू?

हे पत्र तुमच्या वडिलांना वाचून दाखवा. तुम्हाला नाही समजलं तर त्यांना समजेल.

गारुफालिया

ता. क. – मिस हॉलकम, आधीच्या पत्रांत मी काही ठिकाणी बाईंचं बोलणं मऊ केलं होतं, हे मान्य करतो. या वेळी त्यांनी तसं करू दिलं नाही. पत्र पुरं झाल्यावर बंदरावरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून उलट वाचून घेतलं आणि माझी दोन वाक्यं दुरुस्त करवली. – अनार्गिरोस


एल्मबरी, १८ ऑक्टोबर १८३०

गारुफालियाबाई,

हे पत्र स्टाथिसच्या पेटीत, त्याच्या सदऱ्यांवर ठेवते आहे. तुम्ही ते वाचून घ्याल तेव्हा तो तुमच्याजवळ असेल.

मी त्याला सांगितलं नव्हतं. तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हा त्याला हाक मारायला मी दारापर्यंत गेलेही होते. तो अंगणात वडिलांबरोबर सफरचंदं पिंपात भरत होता आणि काहीतरी सांगून त्यांना हसवत होता. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रविवारनंतर. मग हिवाळा आला, आणि पुढे पुढे मी त्या लपवण्याला भल्याचं नाव दिलं. सात-आठ वर्षांचं गणित मी मांडलं, समितीने नाही. समितीला तुमच्या पत्राची माहितीच नव्हती.

गहू कशासाठी ते मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या पंथात मेलेल्यांसाठी काही करत नाहीत, म्हणून ते माझ्या मनातही आलं नाही. पण ठाऊक असतं तरी मी साखर थापली नसती असं आता शपथेवर सांगवत नाही.

तुम्ही सांगितलंत तसं पत्र वडिलांना वाचून दाखवलं. कैरोपाशी आले तेव्हा मी कागद खाली ठेवला. उरलेलं त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मर्सी, आपण राजाला काय म्हणालो होतो? त्याचं राज्य सगळंच वाईट होतं असं नाही. रस्ते होते, न्यायालयं होती, आम्हाला तो लेकरं म्हणायचा. आम्ही एवढंच म्हणालो की आमचं भलं आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नकोस. मी त्या जहाजात सडलो ते एवढ्या एका वाक्यासाठी." मग म्हणाले, "ग्रीकांना धान्य पाठवलं म्हणजे त्यांची पोरं विकत घेतली असं झालं नाही." मी म्हटलं, समुद्र आता खवळायला लागेल, वसंतात पाठवू. ते म्हणाले, "तू वसंत हा शब्द पुन्हा काढू नकोस."

त्याच दिवशी स्टाथिसला सांगितलं. तुम्ही उचकीचं लिहिलं होतं, ते खरं निघालं. पाणी दिलं तर घेतलं नाही. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे गव्हाच्या आधी." एवढं बोलून बाहेर गेला आणि वडिलांबरोबर लाकडं रचत राहिला. तेव्हापासून तो मला मिस हॉलकम म्हणतो.

तुमचं त्याच्या भाषेतलं पत्र आहे का, असं त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, असतं तरी वाचता आलं नसतं. बोलायलाही आता त्याला शब्द शोधावे लागतात. ते आम्ही होऊ दिलं. गोठ्यात तो एकटाच आठवतील ते शब्द गायीसमोर म्हणत बसतो. गायीची भीती त्यातच गेली बहुधा. त्याला धास्ती आहे की तुम्ही काहीतरी बोलाल आणि त्याला कळणार नाही. सांभाळून घ्या.

स्मर्नाला जाणारं एक मिशनरी जोडपं बोस्टनहून निघतं आहे. जहाज सीरा बेटाला थांबेल, तिथून ते स्वतः त्याला एजिनापर्यंत आणतील. मी बोस्टनपर्यंत जाते आहे. वडिलांना प्रवास झेपत नाही. त्यांनी आपला चाकू त्याला दिला आहे, तो त्याच्याकडून काढून घेऊ नका.

क्षमा मागत नाही. ती मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि आजवर मी तुमच्याकडून पुष्कळ घेतलं आहे.

मर्सी हॉलकम


एजिना, ९ मार्च १८३१

मर्सीबाई,

या वेळी मास्तर नाहीत. स्टाथिस लिहितो आहे. मी आमच्या भाषेत बोलते, त्याला कळलं नाही की हातवारे करते, तो विचार करतो आणि लिहितो. एका वाक्याला मास्तरांच्या पानाएवढा वेळ लागतो. शिवाय हा मुलगा मधेच लेखणी ठेवून म्हणतो, "आई, हे मी लिहिणार नाही." तेव्हा मला जे जे सांगायचं आहे ते सगळं या पत्रात नाही असं समजा.

तो आला त्या दिवशी मी धक्क्यावर सकाळपासून होते. होडीतून एक अमेरिकन बाई उतरली, तिचा नवरा उतरला, आणि एक उंच मुलगा उतरला, काळा कोट, डोक्यावर हॅट, हातात पेटी. मी त्याच्यामागे पाहत राहिले. होडी रिकामी झाली. मी त्या मुलाजवळ गेले आणि अदबीने विचारलं, "साहेब, तुमच्याबरोबर स्टाथिस नावाचा मुलगा होता, तो कुठे राहिला?" त्याला त्यातलं फक्त नाव कळलं. त्याने हॅट काढली. भुवई दिसली.

त्यालाही मी ओळखू आले नाही. माझे केस पांढरे झालेत, त्याच्या मनात काळे होते. आम्ही दोघं एकमेकांना परक्यासारखे पाहत उभे होतो आणि ती अमेरिकन बाई दूर जाऊन रडत होती. मग त्याला उचकी लागली. (हे आईने तीनदा सांगितलं, म्हणून लिहिलं.)

पहिले दिवस कठीण गेले, तुम्हाला खोटं का सांगू. मासा काट्यासकट वाढला तर त्याला खाता येईना. जेवणाआधी डोळे मिटून बसायचा, तोवर मी अर्धं जेवलेली असायचे. झोपेत तुमच्या भाषेत बोलायचा. एकदा त्यात तुमचं नाव होतं. माझ्या मनात आलं की मी याला परत आणलं की उचलून आणलं? मग मीही तुमच्यासारखीच झाले का? म्हणून त्याला समोर बसवलं आणि मास्तरांना मध्ये घेऊन विचारलं. तुला इथे राहायचं की परत जायचं? तू म्हणशील तसं. जायचं म्हणालास तर मी तुला जहाजात बसवून देईन. तो म्हणाला, विचार करतो. दोन आठवडे विचार केला त्याने, माझ्या डोक्याचे राहिलेले काळे केसही गेले. मग एक दिवस माझ्याबरोबर धुण्याला आला आणि म्हणाला, मिसोलोंगीला जाऊ, बाबांच्या होडीचं काय झालं ते पाहू. उन्हाळ्यात जाणार आहोत. तिथे शाळा निघाली की त्याला घालीन. नाही निघाली तर तोच काढेल, असं त्याचं म्हणणं आहे.

तुम्ही क्षमा मागितली नाहीत. तरी एक सांगते. कैरोहून मी निघाले तेव्हा माझी मालकीण खोलीतून बाहेर आली नाही. दार उघडायला तिने नोकराला पाठवलं. स्टाथिस सांगतो की बोस्टनला तुम्ही स्वतः त्याची पेटी जहाजावर चढवलीत, हमालाला हात लावू दिला नाही, आणि जहाज हललं तरी तुम्ही धक्क्यावरून गेला नाहीत. किल्ली तुमच्याकडेही होती, पण दार तुम्ही आपल्या हाताने उघडलंत. उशिरा उघडलंत. पण तुम्हीच उघडलंत.

शाल घ्यायला लागले आहे. उबदार आहे.

गारुफालिया

आता माझं लिहितो. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिला हे कळणार नाही. आजोबांना सांगा, चाकू आहे. त्यांची तब्येत कशी आहे ते लिहा, आणि खरं लिहा. तिकडे मी सगळ्यांना ग्रीक मुलगा होतो, इथे सगळे मला अमेरिकन म्हणतात. आई मला यातलं काहीच म्हणत नाही, नुसती हाक मारते. मी तुमच्यावर अजून रागावलेलो आहे. जहाजावर रागावलो होतो, इथे आल्यावर जास्त रागावलो, कारण आईचे केस पाहिले. पण रागवायला माणूस समोर लागतं, आणि तुम्ही नाही आहात, त्यामुळे हा राग कुठे ठेवावा ते मला कळत नाही. तुम्ही पत्र पाठवत जा.

स्टाथिस